हात भिजवू नका

१८ मे २००६, नांदगाव पेठ

लागली एकदाची नोकरी! सकाळी अकोल्याच्या स्टँडवर तुबानं असं भोकाड पसरलं की कंडक्टरसुद्धा म्हणाला, भाऊ, पोरीले घेऊनच चला. रुबीना हसत होती, पण डोळे पुसून हसत होती. शेतकीची पदवी घेऊन दोन वर्षं मी सासऱ्यांच्या बांगड्यांच्या दुकानात बसलो, त्याचा शेवट झाला. आता मी बियाण्याच्या कंपनीत गुणवत्ता सहायक. काय रुबाब आहे नावाला!

कारखान्यामागेच एक खोली दिली आहे. पत्रे तापून भट्टी झाली आहे, पण स्वतःची खोली आहे. मॅनेजर उत्तमराव फार अघळपघळ माणूस, आल्या आल्या ताक पाजलं. मालक खुशालराव हळू बोलतात. माझ्याआधी इथे देवराव नावाचे गृहस्थ होते म्हणे. ते सोडून गेले, एवढंच उत्तमराव म्हणाले आणि दुसरा विषय काढला. काम आवडीचं आहे. ओल्या गोणपाटात सोयाबीनचे दाणे गुंडाळून ठेवायचे, किती उगवतात ते बघायचं, नापास लॉट बाजूला काढायचा.

२२ मे

या ऑफिसची एक गंमत लिहून ठेवतो. सगळे चमच्यानं जेवतात. वरण-भात नव्हे, झुणका-भाकर! मेसवाल्या केशरबाई भाकरी वाढतात आणि हे वऱ्हाडातले धट्टेकट्टे गडी ती चमच्यानं तोडत बसतात. मला हसू आवरेना. मी मजेत कांदा फोडून हातानं ओरपलं, तर सगळे माझ्या हाताकडे बघत राहिले. जेवण झाल्यावरही कोणी नळाकडे जात नाही, कोरड्या फडक्यानं तोंड पुसतात आणि उठतात. उत्तमरावांना विचारलं तर म्हणाले, पाण्याची टंचाई आहे. टंचाई कसली, टाकी ओसंडून वाहते आहे! मोठ्या लोकांच्या सवयी म्हणायच्या.

२९ मे, अकोला

आज फुकटात घरी आलो. उत्तमराव म्हणाले, तुम्ही अकोल्याचेच, जाता जाता तिथल्या एका सरकारी साहेबांना पेढ्यांचा डबा द्या, त्यांच्या मुलीचं जमलं आहे. शिवाय एक दिवस घरी राहा. मी तर नाचायचाच बाकी होतो. तुबाला बघायला मिळणार!

एस.टी.त डबा मांडीवर होता. या उन्हात पेढ्याचा डबा, आणि त्याला ना खव्याचा वास, ना तुपाचा डाग. बोरगाव मंजूला गाडी थांबली तेव्हा उघडून बघावा असं मनात आलं होतं. उघडला नाही. उघडला असता तर देता आला नसता, आणि मला तर घरी जायचं होतं. साहेबांनी डबा न बघताच टेबलाच्या खणात टाकला आणि मला चहाही विचारला नाही. एवढं काय त्यात? मी फक्त पोचवला.

३० मे

परत आलो. नळावर हात धुतले तर पाणी गुलाबी झालं.

आधी वाटलं, तुबानं मेंदी-बिंदी लावली असेल. साबण लावला. आणखी गुलाबी. हात कोरडे केले की काही नाही, माझेच नेहमीचे हात. ओले केले की ओंजळभर गुलाबी पाणी. गोणपाट भिजवायला घेतलं तर तेही रंगलं. केशरबाई दारात उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून आत गेल्या.

बियाण्याला औषध चोळतात त्याचाच रंग असणार. दुसरं काय असणार?

२ जून, शुक्रवार

आज जुम्मा. अमरावतीला गेलो. मशिदीच्या हौजावर सगळ्यांच्या ओळीत बसलो आणि हात बुडवले. बाजूला एक म्हातारे चाचा वजू करत होते, नमाजाआधी हातपाय धूत होते. त्यांच्याकडे रंग सरकत गेला. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावले नाहीत. कहीं चोट लगी है क्या बेटा, असं फार मायेनं विचारलं. मी उठलो आणि चपला हातात घेऊन बाहेर पळालो. नमाज राहिली. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

५ जून

आज सगळे हातानं जेवले.

उत्तमराव वरणात भाकरी कुस्करून खात होते, बोटं चाटत होते. जेवल्यावर एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत नळावर हात धुतले. पाणी स्वच्छ. चमचा फक्त माझ्या ताटात होता. तो मीच मागून घेतला होता.

संध्याकाळी केशरबाईंना गाठलं. त्या सांगायला तयार नव्हत्या. शेवटी चुलीकडे बघत म्हणाल्या, "देवरावचंबी असंच झालं भाऊ. डबा नेणारा एक मानूस असला की सर्वाइचं त्याच्याच हातावर येते. तो धरल्या गेला, त्याचं नाव पुसल्या गेलं, अन् मंग या सर्वाइचे हात रंगले. आता तुमी आले."

देवराव कुठे आहेत विचारलं. जेलात होते. आता नाहीत. नुसते जेलात नाहीत, असं नाही. कुठेच नाहीत.

९ जून, अकोला

सुट्टी काढून आलो. तुबा धावत आली, मी हात मागे घेतले. मग उचललं. तिच्या मानेवर घाम होता. माझ्या बोटांचे गुलाबी ठसे तिच्या मानेवर उठले. रुबीनानं ते पाहिलं आणि पोरीला काढून घेतलं. ओढणीनं तिची मान पुसत आत गेली.

मेहुणा उजैर वकिलीचं शिकतो. त्याला एका मित्राची गोष्ट म्हणून सांगितली. तो म्हणाला, लाचेच्या सापळ्यात नोटांना पावडर लावतात. ज्यानं हात लावला त्याचे हात सोड्याच्या पाण्यात गुलाबी होतात. मी म्हणालो, पण मित्राला मालकानं पाठवलं होतं, नोकरीचा सवाल होता. उजैर म्हणाला, "मालक म्हनन, मले काय माहीत. देनारा हात ज्याचा, गुन्हा त्याचा. सांगितलं म्हनून केलं, हे कोर्टात चालत नाही भाऊजी."

मित्र नाही, भाऊजीच आहे हे त्याला कळलं होतं.

१२ जून

सोयाबीनचा मोठा लॉट माझ्या तपासणीत नापास झाला. गोणपाट उघडलं तर दाणे कुजलेले, बुळबुळीत. हे भातकुली, अंजनगावकडे जाणार. लोक पेरतील आणि काळ्या रानाकडे बघत बसतील. यंदा आधीच गावागावांत काय चाललंय ते रोज पेपरात येतं.

सरकारकडून तपासणीला नव्या बाई आल्या आहेत, भावना मॅडम. कडक आहेत. त्यांनीही नमुना नेला होता, लॉट विकू नका म्हणून कळवलं आहे.

दुपारी टेबलावर डबा आला. खुशालराव म्हणाले, "मॅडमच्या हापिसात ठिवून या. बोलाची गरज नाही." त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती. नोकरी अजून पक्की नाही, अकोल्याच्या फेरीचं भाडं तुमच्या नावावर आहे, तिथले साहेब तुम्हाला ओळखतात, हे सगळं त्यांनी घरची विचारपूस केल्यासारखं सांगितलं.

उद्यापर्यंत विचार करतो म्हणालो. भीती वाटते आहे. लपवत नाही.

१३ जून

नाही म्हटलं. डब्याला हातच लावला नाही, हात खिशात घालून उभा राहिलो.

खुशालराव हसले. नका जाऊ मग, खोलीवर आराम करा.

खिडकीतून पाहिलं. उत्तमरावांनी तोंडाला दुपट्टा बांधला, डबा स्कूटरच्या डिकीत टाकला आणि गेले. उन्हात सगळेच दुपट्टा बांधतात. कोण होतं ते कोण ओळखणार?

उद्या राजीनामा देतो. मॅडमना भेटून अकोल्याचंही सांगून टाकतो. ठरलं! हलकं वाटतंय. हात धुऊन बघतो—

तसाच रंग. आज तर डब्याला हात लावलाही नव्हता—

१४ जून

राजीनामा द्यायला ऑफिसात आलो. लाचलुचपतवाले आले आहेत. दार बंद, पण काचेतून आतलं दिसतं. बाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे.

मॅडमना आधीच कंपनीतून फोन गेला होता, डबा येतो आहे म्हणून. त्यांनी लाचलुचपतवाल्यांना कळवून ठेवलं. टेबलावर पावडर मारली होती. काल दुपट्टा बांधलेला एक माणूस डबा ठेवून पळाला. चेहरा कोणीच पाहिला नाही. त्याच्या हाताला पावडर लागलीच असणार.

आता एकेकाला आत घेतात. काचेचं भांडं. सोड्याचं पाणी. दोन पंच बसले आहेत.

साहेब, मला सांगायचं आहे, म्हणालो. आधी हात, मग बोला, असं म्हणाले.

खुशालराव गेले. पाणी पांढरं. मशीनवाले गेले. पांढरं.

आता उत्तमराव. देवा, त्यांचं तरी— कालच तर— आता समजेल सगळ्यांना—

पांढरं. स्वच्छ पांढरं. हात पुसत बाहेर आले. मला म्हणाले, जा भाऊ, तुमीच राहिले.

पेन निसटतंय. नुसता घाम आहे, पाणी लावलंच नाही, तरी कागदावर गुलाबी—

हाक मारली. परत मारली.

रुबीना, कोणी काहीही सांगो, कालचा डबा मी नेला नाही. अल्लाची शपथ, काल मी नव्हतो. पण आधीचा, अकोल्याचा, तो मात्र मी—