कोठीतल्या तांदळात

मंगळवार, संध्याकाळ

कोपरापर्यंत हात तांदळात घालून मी बॅटरी बाहेर काढली. फुगून उशीसारखी झालेली. माझ्या रिमोटच्या बोटीची. दुपारी तलावात बोट उलटली आणि आत पाणी शिरलं. लिथियमची बॅटरी फुगली की कधीही पेटू शकते, म्हणून मी ती अंगणात वाळूच्या मडक्यात ठेवली होती. दादाने ती तिथून काढून तांदळाच्या कोठीत पुरली. कोठीला लागून आईची खाट आहे.

"काऊन फेकून राहिला बे? मोबाईल तांदळात सुकते, मंग हे नाई सुकणार?" दादा म्हणाला.

ही सुकली तरी पेटते, मी ओरडलो.

"चाळिशी आली तरी बोटी चालवून राहिला, अन् अक्कल मले शिकवते!"

आई आतून म्हणाली, "कायले भांडून राहिले रे? भात थंडा होऊन राहिला."

बॅटरी पुन्हा वाळूत ठेवली, गोठ्यापासून लांब. राग जात नाही. स्वतःवर आहे का? मडकं भरताना त्याला सांगायला हवं होतं. नाही, राग त्याच्यावरच आहे. खाट कोठीला लागून आहे, हे त्याला दिसत नाही? आई तिथे झोपते.

बुधवार, सकाळ

मडकं फुटलं होतं. वाळू काळी पडली होती. दादाने ते बघितलं. मग आत गेला, आईला खाटेवरून उठवून ओसरीत बसवलं, कोठीत हात घातला आणि गेल्या महिन्यात अशीच फुगली म्हणून मी टाकून दिलेली बॅटरी आणून माझ्यासमोर ठेवली.