पिंपातले मासे, नळीतली भाजी

जांबूसारी, ४ फेब्रुवारी २०१८

चि. मुर्तिनी हीस,
तुझ्या इबूचे अ. उ. आ.

तुझं खोकं मिळालं, आणि बसवाल्यानं दिलेली माशांच्या पिल्लांची पिशवीही. नवरा जाऊन तीन वर्षं झाली तरी सासूला मासे पाठवणारी सून अख्ख्या जावा बेटात दुसरी नसेल, असं शेजारची रोदियाह म्हणाली. मी म्हटलं, तुझी सून तुला मीठसुद्धा मोजून देते, तेव्हा तू बोलूच नकोस. दोन तास रुसली होती.

तू काढून दिलेल्या चित्राप्रमाणे सगळं मांडलंय. मागच्या पडवीत विटांवर निळं पिंप, त्यात चिलापीची पिल्लं, वर भोकं पाडलेल्या दोन आडव्या नळ्या. पंप पाणी वर चढवतो, नळ्यांतून फिरून ते परत पिंपात पडतं. भोकांत कोळसा भरलेले प्याले, त्यांत नाळीच्या भाजीची रोपं. मासे घाण करणार आणि भाजी ती खाणार, असं तू लिहिलंस. जमिनीत समुद्र शिरल्यापासून अंगणात माझी मिरचीसुद्धा जगलेली नाही. आता जमीनच नको म्हणतेस, तर बघू.

फोनवर मला ऐकू येत नाही म्हणून तुला पत्रं लिहायला लावते, त्याचा कंटाळा करू नकोस. खारवलेली मासळी पाठवतेय, नेहमीची. खा.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
सुमिराह

*

मागेलांग, १५ फेब्रुवारी २०१८

ती. इबूंना,
तुमचा हात कपाळाला लावून सलाम. वि. वि.

तुमचं पत्र आमच्या मत्स्यबीज केंद्रात सगळ्यांना वाचून दाखवलं. रोदियाहकाकींच्या रुसव्यावर साहेबसुद्धा हसले.

एकच सांगायचं राहिलं. दाणे कमी घाला. मासे वर येऊन तोंड उघडतात म्हणजे भुकेलेच असतात असं नाही. आणि नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मगच वापरा.

इथे थंडी आहे. काम तेच. मी मजेत आहे, खरंच मजेत आहे, काळजी करू नका. मासळी पोचली. गुडघा कसा आहे?

तुमच्या आशीर्वादातली माझी जागा रिकामी करू नये.
मुर्तिनी

*

जांबूसारी, ११ मार्च २०१८

चि. मुर्तिनी हीस,
अ. उ. आ. वि. वि.

मागे दोन ओळींत सगळं छान म्हणून कळवलं, ते खोटं होतं. मासे चौथ्याच दिवशी गेले. सगळे.

तुझं दाणे कमी घालण्याचं पत्र आलं तेव्हा पिंप रिकामं होतं. एवढ्या लांबून आलीत बिचारी, दमली असतील, म्हणून मी दाणे घातले, वर दुपारचा भात कालवून घातला. ती खात राहिली, मी घालत राहिले. सकाळी सगळी पांढरी पोटं वर करून.

तिनी, तुला म्हणून सांगते. मी पिंपाशी खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. माझा प्रसोजो गेला तेव्हा लोकांत होते, रीतीनं रडले होते. त्या डेंग्यूच्या तापात त्याच्या तोंडात घास जात नव्हता. मी पेजेची वाटी घेऊन सहा दिवस बसले होते, आणि तो मान फिरवायचा. तेव्हापासून समोर कुणी तोंड उघडलं की माझा हात आवरत नाही. रोदियाहची मांजर बघ, दारातून आत मावत नाही.

तू रागावशील म्हणून लपवलं. आता रागाव.

सुमिराह

*

मागेलांग, २० मार्च २०१८

ती. इबूंना,
सलाम. वि. वि.

रागवायचं असेल तर माझ्यावर रागवायला हवं. मासे आणि पंप एकदम पाठवायचे नसतात, हे मी इथे शिकाऊ मुलींना शिकवते. माशांची घाण पाण्यात विष होते. ते विष पचवून भाजीचं खत करणारे बारीक जीव पाण्यात बसायला महिना-सव्वा महिना लागतो. तोवर थांबायचं असतं. मलाच घाई झाली होती. तुमच्या घरात काहीतरी हलतं-चालतं असावं असं मला वाटत होतं.

पाणी फेकू नका. पंप चालू ठेवा, रोपं असू द्या, आणि पिंपात रोज चिमूटभर दाणे टाका. मासे नसले तरी. ते त्या बारीक जिवांसाठी. चिमूटभर म्हणजे तुमची नव्हे, माझी चिमूट.

एप्रिलमध्ये मागूरची पिल्लं पाठवते. मागूर वर येऊन हवा गिळतो, सहज मरत नाही. आमच्या केंद्राचा गाडीवाला सुतार्जो तिकडे बीज पोचवायला येणार आहे, तो आणून देईल. साधा माणूस आहे. त्याच्यासाठी काही खास करू नका. चहा दिलात तरी पुष्कळ झालं. केंद्रात आहेत तसे बरेच गाडीवाले, त्यांतलाच एक.

पेजेच्या वाटीचं तुम्ही कधीच बोलला नव्हतात. तेव्हा मी त्याच्या पायाशी बसलेली होते, इबू. तुमचा हात मी पाहिला आहे.

तुमची
मुर्तिनी

*

जांबूसारी, १६ एप्रिल २०१८

चि. मुर्तिनी हीस,
अ. उ. आ. वि. वि.

महिनाभर मासे नसलेल्या पिंपाला दाणे घातले. मला आता ऐकू येत नाहीच, दिसायचंही बंद झालं, असं रोदियाह गल्लीत सांगून आली. पण भाजी तरारलीय, आणि पहिली जुडी तिनंच नेली.

तुझा सुतार्जो काल आला. पाणी चढतं म्हणून तीनदा जमीन उंच केली, त्यामुळे आपलं दार किती बुटकं झालंय तुला ठाऊक आहे. येताना त्याचं डोकं आपटलं, जाताना पुन्हा आपटलं, आणि दोन्ही वेळा चौकटीचीच माफी मागितली. पिशवी लगेच फोडली नाही. तासभर पिंपात तरंगत ठेवली. पाण्याला पाण्याची ओळख होऊ दे, म्हणाला. तोवर नळीचा गळका सांधा बसवून दिला. माझ्या कानाशी न ओरडता, समोर बसून सावकाश ओठ हलवत बोलला. गेल्या पाच वर्षांत कुणी एवढं केलेलं नाही. मग प्रसोजोच्या फोटोपुढे उभं राहू का, असं मला विचारलं, आणि दोन्ही हात पसरून बराच वेळ दुआ मागितली.

निघताना मी मासळीची पुडी दिली. तेव्हा भीतभीतच म्हणाला की इबू, खारवलेल्यानं तिच्या पोटात जळजळ होते, ताजी असेल तर बरं. तिनी, तू सात वर्षं माझ्या हातची खारवलेली मासळी खातेस. मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. त्याला सांगितलंस.

खूप गाडीवाले आहेत म्हणालीस. हा त्यांतला कोण?

सुमिराह

*

मागेलांग, २४ एप्रिल २०१८

ती. इबूंना,
सलाम.

खोटं बोलायला मला कधी जमलं नाही, ते तुम्ही पहिल्या वर्षीच ओळखलं होतं.

सुतार्जोनं डिसेंबरात मला लग्नाचं विचारलं. मी अजून हो म्हटलेलं नाही. तो चांगला आहे. सकाळी गाडी धुताना गुणगुणतो, आणि मी आले की गप्प होतो. एवढंच सांगता येतं. मी प्रसोजोला विसरले नाही. हे वाक्य मी चार वेळा खोडून पुन्हा लिहिलं, तरी तेच खरं आहे.

भीती त्याची नाही, तुमची आहे. मी जन्मले तेव्हाच माझी आई गेली. काकूला मी काकू म्हणत वाढले. आई म्हणून इबू ही हाक मी आयुष्यात एकाच माणसाला मारली आहे. उद्या मी दुसऱ्याची बायको झाले तर तुमची कोण उरणार? लोक म्हणतील, मुलाची बायको होती. होती.

तुम्ही नको म्हणालात तर मी नको म्हणेन, आणि तुमच्यावर रुसणार नाही.

मुर्तिनी

*

मागेलांग, २० मे २०१८

ती. इबूंना,
सलाम. वि. वि.

रमजान सुरू झाला. तुमचं पत्र नाही. रोदियाहकाकींना फोन केला, तर त्या म्हणाल्या की प्रकृती ठीक आहे, पण तोंडाला कुलूप आहे.

मी समजले. सुतार्जोला काल नाही म्हणून सांगितलं. तो फक्त तुमचा पंप नीट चालतोय ना, एवढं विचारून गेला.

आता तरी लिहा. मासळी पाठवा, मी खाईन.

मुर्तिनी

*

जांबूसारी, २७ मे २०१८

माझ्या तिनीस,
अ. उ. आ.

तुला कुणी सांगितलं त्याला नाही म्हणायला? मी म्हटलं होतं? गप्प बसणं ही माझी जुनी खोड आहे. लग्नानंतर प्रसोजोच्या बापाशी मी अकरा दिवस बोलले नव्हते, आणि तो बिचारा अकरा दिवस घर सोडून जायचं म्हणून सामान बांधत होता.

खरं सांगते. मला राग आला होता. तुला दोन पत्रं लिहिली आणि फाडली. मग लक्षात आलं की राग तुझा नाही, माझ्या पोराचा आहे. का गेला तो? राहिला असता तर मला हे काही लिहावं लागलं नसतं. त्याच्यावर महिनाभर रागावले. मेलेल्या माणसाशी भांडण म्हणजे फार दमणूक, समोरून उत्तरच नाही.

परवा दुपारी समुद्र चढला. पडवीत गुडघाभर पाणी, आणि वीज गेली. पंप बंद. मागूर वर येऊन हवा गिळत होते, त्यांचं काही अडलं नाही. पण नळ्या कोरड्या पडल्या आणि उन्हानं भाजी माना टाकायला लागली. मी मगानं पिंपातलं पाणी काढून नळीत ओतायला लागले. रोदियाह आली, दुसरा मग घेतला. दोघींचे रोजे, घोटभर पाणी प्यायची सोय नाही, आणि आम्ही पाणी ओततोय, पाणी ओततोय. तीन तास.

मध्येच तिनं मग खाली ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन एवढ्या जोरात ओरडली की मला सगळं ऐकू आलं. म्हणाली, चार जुड्या भाजीसाठी कंबर मोडेपर्यंत उभी राहतेस, आणि ती पोरगी तिकडे वाट बघत सुकतेय, तिला चार ओळी लिहवत नाहीत? मी म्हटलं, लिहू काय? तिला जा म्हणू? तर म्हणाली, जा म्हणू नकोस, ये म्हण.

म्हणून लिहितेय. ये. ईदला ये, त्याला घेऊन ये. आधी जाऊन त्याला सांग की नाही म्हणाले ते माझं नव्हतं, इबूच्या गप्प बसण्याचं होतं. माझं नाव पुढे कर, मला चालेल.

लग्न काकूच्या दारात नको, इथून होऊ दे. नवरानवरी ज्या खुर्चीपुढे गुडघे टेकतात, तिथे आईनं बसायचं असतं. तिथे मी बसेन. लोकांना काय सांगशील, असं रोदियाहनं विचारलं. ज्या पोरीची आई तिच्या जन्मावेळीच गेली, तिची आई साऱ्या मुलखात मीच आहे, असं सांगेन म्हटलं. आणि बोलावणी वाटायला आजच निघाले. पहिल्या तीन घरी सांगून झालं की माझ्या मुलीचं लग्न आहे. तिन्ही घरी बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला मुलगी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

आता तरी उशीर करू नकोस. घर झाडून ठेवते.

तुझी आई
सुमिराह