नळ कंपनीतली तिसरी खुर्ची

मी, नळ कंपनीचा संस्थापक, ज्याला सगळे 'नळवाले' म्हणतात, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या बैठकीच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. देताना त्यांना हसू आले, पण दिला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. लाज मात्र आहे, आणि तिच्यामुळेच हे कागद करायला बसलो. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःचे फार कौतुक केले होते.

कलम १. राहते घर पत्नीला. वरचा मजला चिरंजीव आणि सूनबाई वापरतात. तो त्यांनी तिच्या परवानगीने वापरावा, आणि परवानगी मागायची तर वरून हाका न मारता खाली यावे. स्वयंपाकघरातला नळ बरीच वर्षे ठिबकतो आहे. नळ कंपनीच्या मालकाच्या घरचा नळ ठिबकतो, हे ती पाहुण्यांना आवडीने सांगते. तो मीच दुरुस्त करीन म्हणून कोणाला हात लावू दिला नाही. माझ्यामागे तिने खुशाल प्लंबर बोलवावा.

कलम २. बँकेतल्या ठेवींचा अर्धा भाग चिरंजीवाला, अर्धा माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला. चिरंजीवाने तोंड वाकडे करू नये. ताईचा वाटा का, ते कलम चारमध्ये कळेल. कंपनीची मोटार त्याला मिळणार नाही. ती आमची कधीच नव्हती, हे बापलेकांना उशिरा समजले.

कलम ३. बँकेतून निवृत्त झालेले माझे मित्र, जे कंपनीचे नाव खराब झाल्यापासून मला पाहिले की पलीकडच्या फुटपाथवर जातात, त्यांना माझी काळी छत्री. ती त्यांच्याकडेच आहे. परत मागून मागून दमलो, आता रीतसर देऊन टाकतो.

कलम ४. कंपनीतले माझे शेअर. इथे थोडे लांबण लावतो, कारण सगळी लाज इथेच आहे.

आमचे शेअर बाजारात आले तेव्हा कामगारांनी घेतले, गल्लीतल्या दुकानदारांनी घेतले आणि ताईनेही घेतले. "तू आहेस ना तिथं? मग झालं," एवढीच तिची चौकशी. शेअर बाजाराची अट अशी की हिशेब तपासणाऱ्या समितीवर तीन स्वतंत्र संचालक हवेत. ते नात्यातले नकोत आणि आमचे मिंधे नकोत. तिघांपैकी एक कॉलेजात गणित शिकवलेले प्राध्यापक होते. ते वारले, खुर्ची रिकामी झाली. बाजाराची नोटीस आली, मुदत मिळाली. मी म्हटले, खुर्चीच ती, भरू कधीतरी.

सगळ्यांनी एकच नाव सुचवले, लेथवाल्याची मुलगी. लेथवाला म्हणजे माझा पहिला कारागीर. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी मिळून लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, पहिला नळ कातला. मुलगी सनदी लेखापाल, स्वतःचे ऑफिस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण आदल्या वर्षीच्या सभेत तिने उठून विचारले होते की कंपनीची मोटार अध्यक्षांच्या, म्हणजे माझ्या, सूनबाईंना माहेरी सोडायला का जाते. सभागृहात हशा पिकला. तो माझ्या फार मनाला लागला.

म्हणून वार्षिक सभेत तिचे नाव निघाले तेव्हा मी माईक ओढला. म्हणालो, "ही स्वतंत्र कशी? हिच्या शिक्षणाची फी मी भरलीय. माझ्या उपकारावर शिकलेली मुलगी माझेच हिशेब तपासणार?"

ती जागेवर उभी राहिली. "काका, फी बाबांनी भरली, ओव्हरटाइम करून. तुम्ही चेक पाठवला होता. तो आईनं परत आणून दिला, काकूंच्या हातात."

पत्नी पहिल्या रांगेत होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती खाली बघत एवढेच म्हणाली, "हो. मी सांगितलं होतं ह्यांना."

सांगितले होते. पण उपकाराची ती गोष्ट मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवली होती की चेक परत आला हे माझ्या डोक्यातून पार निघून गेले. खोटे बोलतो आहे असे मला त्या क्षणीही वाटत नव्हते, याची जास्त शरम वाटते. लेथवाला मागच्या रांगेत होता. तो उठला, आपली खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि निघून गेला.

तिचे नाव बारगळले, आणि त्यानंतर समितीवर यायला कोणी धजेना. ज्याला विचारावे त्याची तब्येत नेमकी बिघडलेली. मुदत संपली आणि शेअर बाजाराने आमचे व्यवहार थांबवले. कारखाना चालू आहे, नळ पूर्वीसारखेच खपतात, पण शेअर कोणाला विकता येत नाही. शेवटची संधी येत्या वार्षिक सभेपर्यंत आहे. तोवर जागा भरली नाही तर यादीतून कंपनीचे नावच काढणार. मग ताईने आणि कामगारांनी ते कागद गुंडाळून ठेवायचे.

ताईला शेअर विकून लेकीजवळ तळमजल्यावर घर घ्यायचे होते. तिला जिना चढवत नाही. ती फोन करते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते आणि स्वतःच्या जिन्याबद्दल अवाक्षर काढत नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. फोन ठेवला की मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

कलम ५. ~~माझे सर्व शेअर लेथवाल्याच्या मुलीला, आणि शेडमधला जुना लेथ तिच्या वडिलांना.~~ हे कलम मीच खोडले आहे, बाजूला सही आहे.

हा मसुदा घेऊन मी काल तिच्या ऑफिसात गेलो होतो. वाटले होते, तिला भरून येईल. तिने उभ्या उभ्याच वाचला.

"मला शेअर दिलेत की मी तुमची मिंधी. बाबांना लेथ दिलात तरी तेच. मग मी त्या समितीवर बसू कशी? काका, अट तुम्हाला अजून कळलेलीच नाही."

"मग तुला देऊ तरी काय?"

"काही देऊ नका. जमेल?"

आयुष्यभर देऊन देऊन माणसे आपली केली होती; न देण्याची सवय नव्हती.

"आणि हे तुमच्यामागं कशाला?" ती म्हणाली. "सभा काय तुमच्या मरणासाठी थांबणारेय? अध्यक्षपद आधी सोडा. मग कंपनीचं रीतसर पत्र येऊ दे. हो म्हणायचं की नाही, ते मी तेव्हा ठरवीन. काकूंना मध्ये घालू नका."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "बाबांकडे जा."

गेलो. दार त्यानेच उघडले. मी बोललो, म्हणजे जेवढे बोलता आले तेवढे. तो म्हणाला, "भरसभेत बोललास ना? मग भरसभेतच सांग." दार लावले नाही, पण आत ये असेही म्हणाला नाही.

कलम ६. म्हणून माझे सर्व शेअर कामगारांच्या पतपेढीला, आणि जुना लेथ तंत्रशाळेला. लेथवाल्याला, त्याच्या मुलीला वा त्यांच्या घरातल्या कोणालाही मी काहीही ठेवत नाही. हा विसर समजू नये, आणि कोणी भल्या मनाने त्यांच्या दारात काही नेऊन टाकू नये.

कलम ७. येत्या सभेत मी भागधारकांच्या रांगेतून उठून सांगणार आहे की फी तिच्या बापाने भरली, आणि मी ताईचे व कामगारांचे नुकसान माझ्या तोऱ्यापायी केले. त्याआधी माझे काही बरेवाईट झाले तर चिरंजीवाने कलम चार व पाच माईकवरून मोठ्याने वाचावीत. सूनबाईंचा उल्लेख येतो तिथे अडखळू नये, आणि मोटारीचे वाक्य गाळू नये.

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर. २. समोरचे चष्मेवाले. बँकवाल्या मित्रांना विचारणार होतो, पण मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याला साक्षीला बसता येत नाही, आणि त्यांना छत्री मिळते आहे.

ठिकाण: घरची बैठकीची खोली.
दिनांक: माझ्या अध्यक्षपदाच्या राजीनाम्यावर आहे तोच. त्यावर या दोघांसमोर आधी सही केली, यावर नंतर.

सही,
नळ कंपनीचा एक भागधारक