मुलाखतीतला शेवटचा प्रश्न

ती. आईस,

तुझ्या होऊ घातलेल्या वकिलीणबाईंचा नमस्कार.

लॉ कॉलेजची मुलाखत पार पडली. मुलाखतीपुरती मिळालेली खोली उजेडाची आहे, पोटभर जेवते, काळजी करू नकोस. तिसरं वर्ष परदेशात शिकायला जाशील का, विचारलं. मी हो म्हटलं. पण जागा मोजक्या आणि ही गर्दी!

मग एक खटला दिला: नवराबायको वेगळे झालेत, मुलगी कोणाकडे राहावी? इथे आधी एक बाजू मांडायला लावतात, मग लगेच उलटी. आईची बाजू मांडताना मी अडखळत होते. बापाची मात्र घडाघडा मांडली. रागावू नकोस गं.

दोघी परीक्षक खूश दिसल्या. मग एकीने सहज विचारलं, "आणि मुलगी काय म्हणते?" मी खटल्याचा कागद पुन्हा वाचला; तिचं म्हणणं त्यात कुठेच नव्हतं.

तुझी कंबर कशी आहे? तुझ्या आणि बाबांच्या खटल्याची पुढची तारीख लागली का?

माझं इथे व्हायचं ते होईल. धाकटीला मात्र आपण कोणीच विचारलेलं नाही, आई. मी पण नाही. पत्र मिळताच तिला जवळ घेऊन विचार. आणि तिने बाबांचं नाव घेतलं, तरी तिला जवळच धरून ठेव.

तुझी,
थोरली