बारावी फळी

५ जानेवारी, सोमवार
आशाबाई भिंतीवरून वरडली — "मुक्ते, संक्रांतीच्या वाणाला चॉपिंग बोर्ड करून दे. बारा!"
म्हनलं, "सगळ्यांच्या इळ्या मोडल्या काय गं?" लई हसली.
"पर तुझ्याकडं तर अकराच जणी येतेत."
"तू कर. मोजू नको."
मालक गेल्यापास्नं त्यांचा रंधा मीच चालवते. बाई सुतार म्हनून सारं पडेगाव हसतं. मीबी हसते.
हळदीकुंकवाला मात्र विधवेला कोन बोलवतंय! वाण तेवढं माझ्या हातचं चालतं.

९ जानेवारी
आंब्याच्या लाकडाच्या अकरा झाल्या. डब्यातलं जुनं शेंगदाण्याचं तेल चोपडलं आन् फसले — दुसऱ्या दिशी खवट वास! मालक असते तर म्हनले असते, "फळी तळायची हाय का?" मीठ लावून घासल्या, सावलीत उभ्या करून वाळवल्या, मग जवसाचं तेल. आता झ्याक.

१२ जानेवारी
बारावीला आंबा पुरला नाय. दारचा कडुलिंब छाटला व्हता, त्याची केली. ओलीच! तेलात सगळ्या सारख्याच दिसत्यात. जिला जाईल तिची भाजी कडूजहर. आशीलाच जाऊ दे. बोलवत नाय ना मला?
एकटीच खिदळले. सांजच्याला बारा फळ्या भिंतीवरून तिच्या हवाली केल्या. मग चहा केला. एक कप.

१४ जानेवारी
संक्रांत. कुनी आलं नाय.

१८ जानेवारी, रविवार
आशाबाईकडं हळदीकुंकू. पलीकडं बांगड्या, हसणं. तिच्या दारातल्या चपला मोजल्या — अकरा जोड. दार लावून घेतलं. रंध्याचं पातं पुसत बसले. आज कुनाशी बोलले नाय. कालबी नाय.

१९ जानेवारी
सकाळी दार वाजलं. आशाबाई! पदराखाली फळी, वर तिळाचे लाडू.
"काल सगळ्याजणींपुढं तुला हाक मारायला जीभच उचलली नाय गं माझी. ही पयल्यापास्नं तुझीच व्हती. म्हनून तर बारा सांगितल्या."
हळदीचं बोट माझ्या कपाळाला टेकवलं.
ती गेल्यावर फळी हुंगली.
कडुलिंब.

२० जानेवारी
त्या फळीवर वांगी चिरली, भाजी केली. कडूजहर.
सगळी खाल्ली.