ऑक्सिजन धरून किती टन

पिनर, लंडन,
७ फेब्रुवारी २००८

चि. शाल्मली,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. ब्रिस्टलला थंडी कशी आहे? इथे बॉयलर रुसला होता, आता चालतोय, आणि तू सांगितलंस तसा थर्मोस्टॅट अठरावरच ठेवलाय. बाबा घरात मफलर गुंडाळून बसतात, तुझ्या नावाने बोटं मोडतात, पण बटणाला हात लावत नाहीत.

मंडळाच्या तिळगूळ समारंभापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. चूक कोणाची हे सगळ्या हॉलने पाहिलं. कौन्सिलमध्ये रोज हेच मोजमाप करणारी मुलगी धीर करून मराठीत बोलायला उभी राहते, दोन माणसं विमानाने मुंबईला जाऊन आली की साडेतीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असं सांगते, आणि पहिल्या रांगेतून तिचाच बाप उठतो. "एक टन. मी गव्हर्नमेंटच्या रिपोर्टमध्ये वाचलंय. शी इज एक्झॅजरेटिंग." लोक हसले. तू "बाबा, तुमचा गणित चुकला," एवढंच तुझ्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणालीस आणि तिळगूळ न घेता निघून गेलीस. मला त्यांचा इतका राग आला होता की गाडीत मी मागच्या सीटवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा तो रिपोर्ट घेऊन बसले. मग एका सकाळी चहा तसाच ठेवून म्हणाले, "सुलू, आय वॉज राँग. त्या रिपोर्टमध्ये नुसता कार्बन मोजलाय. शाल्मली अख्खा गॅस मोजते. कार्बन बारा, आणि जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो तो बत्तीस. म्हणजे बाराचे चव्वेचाळीस, साडेतीनपटीहून जास्त. तिचा आकडा आणि माझा आकडा एकच आहे. मी युनिटच बघितलं नाही."

मी म्हटलं, जन्मभर लोकांना भूल देताना ऑक्सिजन दिलात आणि हिशेबात नेमका तोच विसरलात? हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. ऑपरेशन थिएटरमध्ये इंजेक्शन भरताना ते आकड्याबरोबर युनिट मोठ्याने म्हणायचे आणि नर्सकडूनही म्हणवून घ्यायचे. लहानपणी तू नुसतं "दोन दे" म्हणालीस तरी "दोन काय?" विचारायचे, आणि तू चिडायचीस. अशा माणसाने भर सभेत मुलीला खोटं पाडलं, हे त्यांच्या मनातून जात नाही.

पण सॉरी म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून गणित मांडलंय. आमच्या पुढच्या प्रवासाचा हिशेब, सगळा कार्बन डायऑक्साइडमध्ये, आणि खाली "प्लीज चेक द युनिट्स". रविवारी तुला ईमेल करणार आहेत. हीच त्यांची माफी समज.

तो ईमेल येण्याआधी हे पत्र तुला मिळावं म्हणून फर्स्ट क्लासचा स्टँप लावलाय. कारण आकडा बघून तुला वाटेल, बाबांचं पुन्हा चुकलं, निम्माच आलाय. चुकलेलं नाही. तिकीट एकाच बाजूचं आहे.

मे महिन्यात आम्ही सांगलीला राहायला जातोय. कायमचे. शशिधरकाकांच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, आणि तिथल्या एका हॉस्पिटलने बाबांना नव्या डॉक्टरांना शिकवायला बोलावलंय. रिटायर झाल्यापासून दाढी करताना शिट्टी वाजवत नव्हते, आता वाजवतात. त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही, आणि तुला सांगणं दोघांनाही जमलं नाही. तू विमानात बसायचं सोडलंस तेव्हा मी निर्धास्त होते, कारण तू इथे आणि आम्हीही इथेच. आता आम्ही एकदा जाणार आणि परत येणार नाही. तुझ्या मोजमापाने हे उत्तमच म्हणायचं.

मला ते उत्तम वाटत नाही, शाल्मली. मी या घरातून तुला शाळेत सोडलंय. सामान बांधायला घेते आणि तुझ्या खोलीच्या दाराशी उगीच उभी राहते.

सांगलीला येशील का, हे विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते. तुझा नेम आहे. मी म्हटलं म्हणून मोडशील आणि मग स्वतःवरच चिडत राहशील, हे मला माहीत आहे. तरी विचारते. दरवर्षी नको. कधीतरी एकदा येशील?

नाही म्हणालीस तर वाईट वाटेल, पण समजेन. मात्र ते फोनवर नको. ट्रेनने ये, माझ्यासमोर बस आणि सांग. आणि बाबांच्या ईमेलला "हिशेब बरोबर आहे" एवढंच उत्तर पाठवू नकोस. त्यांच्या शेजारी खुर्ची घे आणि तपास.

मे महिन्यापर्यंत पिनरलाच असलेली,
तुझी
आई