ब्लॉग सुखरूप आहे, आपा

सातारा,
बुधवार

आदरणीय आसियाआपांना साबेराचा सलाम.

तुमची तब्येत ठीक असेल, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेत असाल आणि कडेगावात यंदा ऊसतोडीची धूळ कमी असेल अशी आशा करते. इकडे सगळे मजेत. तुमचे भाऊ मजेत आहेत, फक्त माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचे कवी दोस्त नानासो मजेत आहेत, तेही बोलत नाहीत. मी तर इतकी मजेत आहे की परवापासून फोन पिठाच्या डब्यामागे ठेवलाय, वाजला तरी ऐकू येऊ नये म्हणून.

पत्र पाहून दचकला असाल. पण वसीम दर रविवारी कराडहून येतो आणि आईसाठी फोनमधल्या मेल टीव्हीवर मोठ्या अक्षरांत लावून देतो, हे मला ठाऊक आहे. (गुणी मुलगा. या रविवारी जरा कमी गुणी झाला तर बरं होईल.) त्यात माझ्या ब्लॉगच्या चार मेल असतील आणि चौथी तुमच्याबद्दल आहे. ती सगळ्या घरादारासमोर टीव्हीवर येण्याआधी हे पत्र तुमच्या हातात पडावं, म्हणून स्पीड पोस्ट. आपा, माझा हेतू वाईट नव्हता. खरं तर काही हेतूच नव्हता.

झालं असं, की महिन्यापूर्वी ब्लॉग उघडला की वर एक लाल पट्टी दिसायला लागली. सॉफ्टवेअर जुनं झालंय, नवी आवृत्ती घ्या, नाही तर ब्लॉगच्या सुरक्षेची हमी नाही. अकरा वर्षांचं लिखाण आहे त्यात, तीनशे चाळीस लेख. अब्बांची आजारपणातली चेष्टामस्करी आहे, रुमानाचं लग्न आहे, पाचगणीच्या होस्टेलमधल्या थंड पाण्याच्या अंघोळी आहेत. रुमानाला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, "अम्मी, घाई करायची नाही. आधी सगळ्याची प्रत काढून ठेव. मग ब्लॉगची एक नक्कल तयार करू, नवी आवृत्ती त्या नकलेवर चालवून बघू. तिथं सगळं नीट चाललं तरच खऱ्या ब्लॉगला हात लावायचा." मला हे फार पटलं. आपणही बिर्याणीचं मीठ चमचाभर रश्शात बघतो, अख्ख्या हंडीत नाही.

प्रत दोन पेनड्राइव्हवर काढली. एक माझ्या कपाटात, आणि दुसरी घराबाहेर ठेवायची असं रुमानाचं म्हणणं, म्हणून शेजारच्या अंबूबाईंकडे दिली. (म्हसवडकडच्या. आम्ही गावाला गेलो की किल्ली त्यांच्याकडेच असते.) त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "आवं वैनी, ह्ये फ्रिजात ठिवायचं का भायेर?" मी म्हटलं, बाहेर, पण जपून, यात माझी अकरा वर्षं आहेत. त्या एकदम गंभीर झाल्या. "आक्रा वर्सं? एवढ्याशात? मग देवाम्होरंच ठिवते." तेव्हापासून माझा ब्लॉग त्यांच्या देव्हाऱ्यात सिद्धनाथाच्या तसबिरीपुढे आहे, रोज त्याला कुंकू लागतं. याहून सुरक्षित जागा पुण्यातल्या मोठ्या कंपनीतही नसेल.

नक्कल तयार झाली. दिसायला अगदी खऱ्यासारखी, फक्त पत्ता वेगळा. त्यावर नवी आवृत्ती चढवली आणि रुमाना म्हणाली, आता दोन-चार लेख टाकून बघ, फोटो लागतोय का, मोठा मजकूर मावतोय का. काय टाकू? "काहीही टाक, इथं कोण बघतंय." मग मला सिस्टर बेनेडिक्टा आठवल्या. पाचगणीला त्या आम्हाला टायपिंग शिकवायच्या. खिडकीबाहेर धुकं, आत वीस यंत्रांचा खडखडाट, आणि सिस्टर आमच्या पाठीमागून फिरत सांगायच्या, मुलींनो, खरं तेच टाइप करा, खोटं लिहिताना बोटं अडखळतात. (आम्ही तेव्हा मेसच्या डाळीबद्दल खरं लिहिलं होतं. शिक्षा म्हणून तीच डाळ दोनदा वाढली.) तर मी बोटं सैल सोडली.

चाचणी एक: हे रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढून येतो असं डॉक्टरांना सांगतात. प्रत्यक्षात पायथ्याच्या भजीच्या गाडीपर्यंत चढतात.

चाचणी दोन, फोटोसह: रुमानाच्या मैत्रिणीच्या, उत्कर्षाच्या साखरपुड्यातला माझा हसरा फोटो. पोट दुखत होतं.

चाचणी तीन: नानासोंचा कवितासंग्रह मी एका बैठकीत वाचला असं त्यांना सांगितलंय. बैठक खरी होती.

आणि चाचणी चार, मोठ्या मजकुरासाठी. आपा, बसून वाचा. तुम्ही दर ईदला गुळाच्या नानखटाया पाठवता, त्या आम्हा दोघांच्याही दातांना झेपत नाहीत. चौतीस वर्षं मी त्या पाट्यावर फोडून अंबूबाईंच्या बकऱ्यांना घालते. बकऱ्यांना कधी काही झालं नाही, उलट त्या तुकतुकीत असतात. ईदचा चंद्र दिसला की कुंपणाशी येऊन उभ्या राहतात. यावर मी चारशे शब्द लिहिले. मजकूर छान मावला.

मी खूश होऊन चहा टाकला आणि तेवढ्यात रुमानाचा फोन आला. तिला हसू आवरत नव्हतं. ब्लॉगची नक्कल म्हणजे वाचकांच्या पत्त्यांचीही नक्कल, आणि नवा लेख पडला की सगळ्यांना आपोआप मेल. ती मेल बंद करायला सांगायचं रुमाना विसरली होती. त्र्याण्णव वाचकांना, आपा! डॉक्टरांनी यांना तातडीने बोलावून घेतलं. भजीवाला गुंडासुद्धा माझा वाचक आहे हे मला तेव्हा कळलं, कारण त्यानं खाली लिहिलं, "काका कालपास्नं आलं न्हाईत, तब्येत बरी हाय न्हवं?" नानासोंचा फोन आला. एवढंच म्हणाले, "वैनी, बैठकीत केलं काय मग?" आणि ठेवून दिला. उत्कर्षाच्या सासूबाईंनी मात्र मला ओवा पाठवला.

आणि गंमत म्हणजे, वाचक खूश! वर्षभरात मिळून नऊ प्रतिक्रिया यायच्या, त्या एका दिवसात एकसष्ट आल्या. पाचवी चाचणी कधी, असं विचारतायत. माझ्या तीनशे चाळीस लेखांबद्दल असं कुणी कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खऱ्या ब्लॉगवर नवी आवृत्ती चढवली. सहा मिनिटं लागली. एक स्वल्पविरामही हलला नाही, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

हसले खूप, खोटं कशाला बोलू. पण चौथ्या चाचणीशी आले की हसू थांबतं. लग्न होऊन आले तेव्हा मला धड मराठीत पत्र लिहिता येत नव्हतं. तुम्ही शाळा सांभाळून दर आठवड्याला मला लिहायचात आणि माझ्या उत्तरातल्या चुका नीट करून परत पाठवायचात. तुम्ही शिकवलेल्या भाषेत मी तुमच्याच नानखटाया त्र्याण्णव लोकांपुढे फोडल्या. रागवा, पण अबोला धरू नका. दोन माणसांचा अबोला एका घराला पुरेसा आहे.

वसीमला दुआ.

तुमची,
साबेरा

ता. क. शनिवारी सकाळी दहाला तुमच्या दारात गाडी येईल, हे स्वतः चालवत येणार आहेत. (बोलत नाहीत, पण मान हलवून हो म्हणाले.) चार दिवसांचे कपडे घ्या. फोन घरी राहिला तरी चालेल. शनिवारच का, हे सुज्ञास सांगायला नको.

ता. क. दुसरा. पाचवी चाचणी मी चौथीच्याच दिवशी, रुमानाच्या फोननंतर टाकली होती. ती टाकण्याआधी मेल बंद करायचं बटण मी स्वतः शोधून काढलं, म्हणून ती कुणालाच गेली नाही. इथे उतरवून देते: "आपा चार वर्षांत साताऱ्याला आल्या नाहीत. स्वयंपाकघरात मला कुणी टोकत नाही. मीठ कमी पडलं तरी सगळे गुपचूप जेवून उठतात. करमत नाही."